तंत्रस्नेही मेळावे: हॉलमधून आपण वर्गात काय घेऊन येतो?

खडूची_पेटी | ११ जानेवारी, रात्री ९.४०

गेली सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडतो. जरा लांबेल.

डिसेंबरात तालुक्याच्या गावी वर्गातल्या डिजिटल साधनांवर एक दिवसाचा मेळावा झाला. मंगल कार्यालयाचा हॉल, दीडशेच्या आसपास शिक्षक. साडेदहाची वेळ होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार आटोपेपर्यंत बारा वाजले. पहिले वक्ते तयारीनं आले होते, हे मुद्दाम सांगतो. पण त्यांची पीपीटी युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या फॉण्टमध्ये होती. हॉलमधल्या लॅपटॉपवर तो फॉण्टच नव्हता. पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. अर्धा तास फॉण्ट शोधण्यात गेला. मग त्यांनी पाठ असलेलं तोंडी सांगितलं. त्यानंतर आणखी दोन भाषणं झाली. दोन्हींमध्ये 'काळाबरोबर चाललं पाहिजे' हे होतं. सोमवारी पहिल्या तासाला वर्गात नेमकं काय करायचं, ते नव्हतं.

खरं शिक्षण झालं ते चहाच्या वेळी, व्हरांड्यात.

शेजारच्या केंद्रातल्या एक बाई आहेत, तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे. बोलता बोलता त्यांनी मोबाइल काढला आणि एका मुलाच्या वाचनाची तीन रेकॉर्डिंगं ऐकवली. उतारा तोच. पहिलं जूनमधलं, दुसरं ऑगस्टचं, तिसरं नोव्हेंबरचं. जूनमध्ये तो मुलगा 'स्वच्छ' या शब्दापाशी अडकला होता. 'स्‌... सव...' करत कितीतरी वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. ऑगस्टमध्ये तोच शब्द त्यानं तोडून वाचला, 'स्व-च्छ'. नोव्हेंबरमध्ये शब्द कधी आला नि गेला ते कळलंसुद्धा नाही.

ॲप वगैरे काही नाही. फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर. रोज चार मुलं, प्रत्येकी एक मिनिट. वर्गाचा पट ३२ आहे, म्हणजे आठ शाळेच्या दिवसांत एक फेरी पुरी होते. फाइलचं नाव म्हणजे हजेरी क्रमांक आणि तारीख. सगळ्यात महत्त्वाचं, ती रेकॉर्डिंगं त्या मुलालाच ऐकवतात. बाई म्हणाल्या, "मी चूक सांगितली की तो मान खाली घालतो. स्वतःचं ऐकलं की स्वतःच म्हणतो, बाई, मी इथं थांबलो."

आम्ही सहा-सात जण कडं करून उभे होतो. कुणी विचारलं, मागे दुसऱ्या मुलांचा आवाज येतो त्याचं काय? त्यांनी सांगितलं, दप्तरांच्या रॅकमागे एक कोपरा केलाय, तिथं मुलगा भिंतीकडे तोंड करून बसतो. कुणी विचारलं, घाबरत नाहीत का? पहिल्या फेरीत घाबरतात, म्हणून पहिली फेरी गाण्याची घ्यायची, वाचनाची नाही. वीस मिनिटांत मला एक पूर्ण पद्धत मिळाली, तिच्या अडचणींसकट. दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गात सुरू केली.

मी त्यांना विचारलं, हे आत का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "आत कुणी विचारलं नाही, सर. आणि यात तंत्रज्ञान असं काय आहे?"

हे वाक्य मला महिनाभर छळतंय. दीडशे शिक्षक, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, प्रत्येकाच्या वर्गात काही ना काही करून पाहिलेलं. आणि आम्ही सगळे रांगेत बसून एका पडद्याकडे बघत होतो. शाळेत आपण 'मुलं एकमेकांकडून शिकतात' म्हणतो, गट करतो, जोड्या लावतो. आपण स्वतः शिकायला जमलो की मात्र एक बोलणार आणि बाकीचे ऐकणार.

माझं मत सरळ आहे. शिक्षकांच्या मेळाव्यात बोलण्याचा पहिला हक्क वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचा. वक्ता नंतर. तुमच्याकडे असे मेळावे कसे होतात? कुठं वेगळं पाहिलंत का? आम्ही काही जण केंद्राच्या पातळीवर छोटंसं काही करायचं म्हणतोय, म्हणून सगळ्यांकडून हवं आहे.

---

मोगरा_दारचा | ११ जानेवारी, रात्री १०.२५

वाचनखूण साठवली. रेकॉर्डरची युक्ती उद्याच करणार.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख | १२ जानेवारी, सकाळी ७.१०

गुरुजी, तुमचं दुखणं मला आतून माहीत आहे. मी अकरा वर्षं केंद्रप्रमुख होतो आणि दर महिन्याची शिक्षण परिषद घेत होतो.

नव्या वाचकांसाठी सांगतो. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-पंधरा शाळांचा गट. परिषद दर वेळी वेगळ्या शाळेत. यजमान शाळेची मुलं स्वागतगीत म्हणणार, एक शिक्षक आदर्श पाठ घेणार, त्यावर चर्चा, मग नवे विषय. कागदावर याच्याइतकी चांगली रचना दुसरी नाही. हॉल नको, वक्ता नको, प्रवास थोडा, आणि समोर खरी मुलं.

घोटाळा पुढं होतो. परिषदेला सगळे शिक्षक एका जागी सापडतात, म्हणून वरून आलेलं प्रत्येक काम तिथंच वाटलं जातं. यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, आधार जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी. मी स्वतः हे केलं आहे. पाठ संपला की यादी काढायची, यादी संपेपर्यंत जेवण तयार, जेवणानंतर निम्म्या लोकांचं लक्ष एसटीच्या वेळेकडे. डिजिटल साधनांना उरायचा अर्धा तास, आणि त्यात 'हे ॲप डाउनलोड करा, आज रात्रीपर्यंत नोंदणी करा' एवढंच व्हायचं. ॲप उतरवून घेणं म्हणजे तंत्रज्ञान शिकणं नव्हे, हे मला उशिरा उमगलं.

शेवटच्या दोन वर्षांत एक बदल केला. प्रशासकीय विषय आदल्या दिवशी ग्रुपवर लेखी टाकायचे, परिषदेत त्यावर एक शब्द नाही. ज्याला शंका असेल त्यानं मला फोन करायचा. नुसत्या एवढ्यानं दीड तास मोकळा झाला. छोटी बैठक घेणार असाल तर पहिली अट हीच ठेवा: कुठलाही फॉर्म, कुठलीही माहिती तिथं मागायची नाही.

---

फाइफचा_पाहुणा | १२ जानेवारी, दुपारी ३.०५

मी मूळ साताऱ्याकडचा, सध्या स्कॉटलंडमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. खडूची_पेटी, तुम्ही ज्याला व्हरांडा म्हणताय, त्याचाच इथं एक कार्यक्रम झालेला आहे. नाव टीचमीट. २००६ साली एडिंबरात काही शिक्षक एकत्र आले तिथून ही प्रथा सुरू झाली आणि पुढं बऱ्याच देशांत पसरली.

नियम थोडे आणि कडक. बोलणारा शिक्षकच हवा आणि स्वतःच्या वर्गात करून पाहिलेलंच सांगायचं. वेळ सात मिनिटं, किंवा छोटं असेल तर दोन मिनिटं. कुणी बोलायचं ते आधी ठरलेलं नसतं. इच्छुकांच्या नावांतून तिथल्या तिथं एकेक नाव निघतं. त्यामुळे सगळे शेवटपर्यंत थांबतात. काही ठिकाणी वेळ संपली की बोलणाऱ्याकडे कापडी उंट फेकतात. विक्रीची भाषणं चालत नाहीत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळाची स्पर्शिका ओढून कशी दाखवतो ते सांगितलं. सात मिनिटं म्हणजे किती कमी, ते उभं राहिल्यावर कळतं. प्रस्तावना गळते, आभार गळतात, उरतं ते फक्त काम. समोरच्या एका बाईंनी विचारलं, 'मुलं बिंदू ओढतात, मजा येते, पण त्यांना काय कळलं हे तुला कसं कळतं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नामुळे मी आता आधी वहीत अंदाज लिहायला लावतो आणि मग बिंदू ओढू देतो. सात मिनिटांच्या बोलण्यातून मला मिळालेली मोठी गोष्ट ही.

अमेरिकेत असाच दुसरा प्रकार आहे, एडकॅम्प. २०१० च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात पहिला झाला. तिथं सकाळी फळा कोरा असतो. आलेले शिक्षक त्यावर विषय लिहितात, त्यातून दिवसाचं वेळापत्रक बनतं. आणि 'दोन पायांचा नियम': ज्या खोलीत आपल्या उपयोगाचं काही चाललेलं नाही, तिथून उठून दुसऱ्या खोलीत जायचं, कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही.

---

खडूची_पेटी | १२ जानेवारी, रात्री ८.५०

कोरा फळा! आपल्याकडे फळा आहे, खडू आहे, खोल्या आहेत. पडदा-प्रोजेक्टर नसला तरी चालेल असं हे एकच प्रकरण दिसतंय. केंद्रप्रमुख साहेब, तुमची अट वहीत लिहून ठेवली.

---

तंत्रस्नेही_बार्शीकडचा | १३ जानेवारी, सकाळी ६.४५

थोडा विरोध नोंदवतो. व्हरांडा चांगलाच, पण मोठ्या मेळाव्यांना एकदम मोडीत काढू नका.

मी शिक्षणाची वारी पाहिली आहे. शिक्षण विभागानं विभागवार भरवलेलं ते प्रदर्शन होतं. ओळीनं स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर शिक्षक उभा, त्यानं केलेली साधनं मांडलेली. मी तिथं दोन दिवस फिरलो. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या शाळा काय करतात, हे मला माझ्या केंद्राच्या परिषदेत कधीच कळलं नसतं. माझ्या केंद्रात मी एकटाच संगणकाच्या मागे लागलेला होतो. लोक म्हणायचे, याला शिकवायचं सोडून नाद लागलाय. वारीत माझ्यासारखे पन्नास भेटले. तो धीर मला आजवर पुरला.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. रणजितसिंह डिसले गुरुजींनी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. एका छोट्या गावातलं काम. आज बालभारतीच्या पुस्तकावरचा कोड राज्यातलं कुठलंही मूल स्कॅन करतं. २०२० च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. गावातलं काम राज्याला दिसायला मोठा मंच लागतोच.

आणि व्हॉट्सॲप विसरू नका. तंत्रस्नेही शिक्षकांचे ग्रुप झाले तेव्हा एका ग्रुपला २५६ ची मर्यादा होती. 'ग्रुप १', 'ग्रुप २' करत जिल्हे भरले. रात्री अकराला 'एक्सेलमध्ये निकालपत्रक बनत नाही' असं टाकलं की साडेअकराला कुणीतरी फाइल पाठवायचा. तो पण मेळावाच होता.

---

खडूची_पेटी | १३ जानेवारी, सकाळी ७.३०

दादा, मान्य. तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्याला धरूनच आहे असं मला वाटतं. वारीत स्टॉलवर शिक्षक उभा होता आणि तुम्ही त्याला हवं ते विचारू शकत होतात. माझा आक्षेप गर्दीला नाही, एकेरी बोलण्याला आहे. पण 'एकटेपणा जातो' हे मी विचारात घेतलं नव्हतं. केंद्रात एकट्या पडलेल्या माणसाला लांबची माणसं लागतात, हे बरोबर.

---

सातपुड्यातला_मास्तर | १४ जानेवारी, रात्री १०.१५

नेट मिळालं म्हणून आज लिहितोय. धडगावच्या बाजूला शाळा आहे. दोन शिक्षक, चार वर्ग. मी मेळाव्याला गेलो की चारही वर्ग एकट्या सहकाऱ्यावर. म्हणून मेळाव्याचा एक दिवस माझ्यासाठी फुकटचा नसतो. तेवढं घेऊन परत यावं लागतं.

माझी तक्रार अशी की मेळाव्यात जे दाखवतात त्यातलं नव्वद टक्के नेटवर चालतं. हॉलमध्ये वायफाय असतं, व्हिडिओ पळतो, सगळे खूश. माझ्या शाळेत रेंज टेकडीवर. सरकारच्या दीक्षा या शिक्षणाच्या ॲपमधला पाठ आधी उतरवून ठेवता येतो, ते मी करतो. पण एवढंच मला कुणीतरी पहिल्याच मेळाव्यात सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

आता काय करतो ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडलं तर. जुन्या लॅपटॉपवर कोलिब्री हे शिकण्याचं सॉफ्टवेअर टाकलं आहे. ते विनानेट चालतं. एकदा साहित्य भरलं की लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर मोबाइल, टॅब जोडून मुलं बघतात. फेट या संकेतस्थळावरची विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, उतरवून घेता येतात, त्यातली बरीच मराठीत आहेत. किविक्स या विनानेट वाचायच्या ॲपवर मराठी विकिपीडिया ठेवला आहे. हे सगळं मला तालुक्याच्या एका पोरानं पेनड्राइव्हवर दिलं, मेळाव्यात नाही.

म्हणून सुचवतो: बैठकीत एक टेबल फक्त 'भरून न्या' म्हणून ठेवा. दोन लॅपटॉप, सगळं साहित्य आधी उतरवलेलं. येणाऱ्यानं पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आणायचं आणि भरून न्यायचं. लांबच्या शिक्षकाला दुसरं काही मिळालं नाही तरी हे मिळेल.

दुसरं. आमची मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. व्हिडिओतली मराठी पहिलीच्या मुलाला परकी. मी गावातल्या एका आजीकडून चार गोष्टी पावरीत रेकॉर्ड करून घेतल्या. मुलं त्या फोनला कान लावून ऐकतात. आजीचा आवाज ओळखला की हसतात, मग पुढं काय झालं ते एकमेकांना आधी सांगायची चढाओढ. तुमच्या बाईंच्या रेकॉर्डरची गोष्ट वाचून वाटलं, उलट्या बाजूनं मी तेच करतोय. माझ्याकडे आणखी गोष्टी जमल्या की देईन, पण पावरी-भिली बोलणाऱ्या मुलांना शिकवणारे शिक्षक एका जागी बसले तर महिन्याभरात पन्नास गोष्टी होतील. असा मेळावा कुणी भरवेल का?

---

मोगरा_दारचा | १४ जानेवारी, रात्री १०.४०

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटच्या ओळीसाठी वेगळा धागा काढा, प्लीज. डाएटमधले (जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतले) कुणी वाचत असतील तर त्यांच्यापर्यंत जायला हवी.

---

लॅब_असिस्टंट_ते_प्राध्यापक | १५ जानेवारी, दुपारी १२.२०

मी विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. शाळेचं जग वेगळं, पण एक अनुभव जुळतो. आयआयटी मुंबईनं दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचा प्रकल्प केला होता, प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकारानं. त्याची बांधणी शिकण्यासारखी आहे.

व्याख्यान पवईहून थेट यायचं आणि देशभरच्या महाविद्यालयांतली केंद्रं एकाच वेळी जोडलेली असायची. प्रश्न विचारायला आपल्या केंद्रातून हात वर करायचा, नंबर आला की पवईच्या पडद्यावर आपण दिसायचो. पण खरी खुबी दुपारी. प्रात्यक्षिक प्रत्येक केंद्रात तिथला समन्वयक घ्यायचा, आणि हे समन्वयक आधी पवईला जाऊन सगळं स्वतः करून आलेले असायचे. मी समन्वयक होतो. समोर बसलेल्याचा प्रोग्राम कंपाइल होत नाही तेव्हा पवईचे प्राध्यापक काही कामाचे नाहीत, त्याच्या खुर्चीमागं मीच उभा पाहिजे. ऐकणं लांबून चालतं. हात चालवणं जवळच्या माणसाबरोबरच.

त्याच आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. दहा-दहा मिनिटांचे, मराठीतही. त्यात बघणारा एका खिडकीत व्हिडिओ लावतो, दुसऱ्या खिडकीत तेच स्वतः करतो, अडला की थांबवतो. तुमच्या बैठकीत एखादं साधन शिकवायचं असेल तर प्रोजेक्टरपेक्षा हे बरं. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, आणि पन्नाशीचे शिक्षक मागे पडले की विचारत नाहीत, गप्प बसतात.

---

दुपारची_शाळा | १५ जानेवारी, रात्री ११.०५

रेकॉर्डरवाल्या बाईंचं 'आत कुणी विचारलं नाही' हे वाक्य वाचल्यापासून लिहू की नको करत होते.

मी बावीस वर्षं शिकवतेय. तंत्रज्ञानाच्या मेळाव्यात साधन व्यक्ती, म्हणजे शिकवणारे, म्हणून जी नावं येतात ती बहुतेक सरांची. आम्ही बायका खाली बसून टिपणं काढतो. आमच्या केंद्रात निम्म्याहून जास्त शिक्षिका आहेत. आम्ही काही करत नाही असं नाही. लॉकडाउनमध्ये टिलीमिली ही अभ्यासाची मालिका सह्याद्री वाहिनीवर लागायची, तेव्हा माझ्या वर्गातल्या ज्या घरी टीव्ही होता त्या घरी आजूबाजूची तीन-चार मुलं बसवायची व्यवस्था मी आयांशी बोलून केली. कोणत्या घरी कोण, कोणत्या दिवशी वीज जाते, सगळी वही होती माझ्याकडे. ती वही कुणी मेळाव्यात मागितली नाही, कारण त्यात ॲप नव्हतं.

आणि वेळेचं बघा. रविवारी ठेवलं की आम्हाला घरचं. संध्याकाळी ठेवलं की शेवटची गाडी. दिवसभराचा मेळावा असतो तिथं बायकांसाठी धड स्वच्छतागृह आहे का, हे कुणी आधी बघून येत नाही. आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही. हे लिहिताना संकोच वाटतोय, पण लिहिणं भाग आहे.

शनिवारी सकाळची शाळा असते. साडेअकरानंतर तीन तास ठेवा. लहान मूल बरोबर आणायची मुभा ठेवा. आणि फळ्यावर विषय लिहायला खडू पहिल्यांदा एखाद्या बाईंच्या हातात द्या.

---

खडूची_पेटी | १६ जानेवारी, सकाळी ६.१५

बाई, संकोच करू नका. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. शनिवार पक्का. स्वच्छतागृह मी स्वतः बघून येतो. आणि ती टीव्हीची वही अजून असेल तर जपून ठेवा.

---

गोंयकार_सर | १६ जानेवारी, सकाळी ९.००

आमच्याकडे गोव्यात शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची राज्याची योजना आहे. त्यात शिक्षकांना स्क्रॅचसारखं काही (पडद्यावरचे ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) शिकवतात तेव्हा जोडीनं बसवलं की फरक पडतो: एक संगणक, दोन शिक्षक, एक भाषेचा, एक गणिताचा. भाषेचे शिक्षक गोष्ट रचतात, गणिताचे ती पात्रं हलवतात. एकाच विषयाची माणसं एकत्र बसवू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

कायदा_आणि_वर्ग | १६ जानेवारी, रात्री ९.२०

दोन सावधगिरीच्या गोष्टी.

मुलांचे फोटो, व्हिडिओ, आवाज बैठकीत दाखवताना पालकांची परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, अडखळत वाचणाऱ्या मुलाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या शाळेच्या ग्रुपवर फिरलं तर त्याला काय वाटेल? ऐकवा, पण फॉरवर्ड करू नका.

दुसरं, साहित्याचं श्रेय. माझ्या मैत्रिणीनं रात्री जागून केलेली चाचणी तिला महिन्याभरानं दुसऱ्याच्या नावानं परत आली. ती त्यानंतर काही देत नाही. दीक्षावरचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतं, म्हणजे वापरा, पण श्रेय द्या. 'भरून न्या' टेबलावरच्या प्रत्येक फाइलमध्ये करणाऱ्याचं नाव आणि शाळा पहिल्या पानावर असू द्या.

---

खडूची_पेटी | २ मार्च, रात्री ९.१५

झाली बैठक. सविस्तर लिहितो, कारण यातली निम्मी कल्पना या धाग्याची आहे.

शनिवार, पावणेबारा ते पावणेतीन. आमच्याच शाळेच्या दोन खोल्या आणि व्हरांडा. २३ शिक्षक आले, त्यात १४ बाई. दोन लहान मुलं होती, ती वाचनकोपऱ्यात रमली. पत्रिका नाही, सत्कार नाही, हजेरीचा कागद नाही. चहा-पोह्यांना प्रत्येकी तीस रुपये काढले.

फळा कोरा ठेवला होता. पहिली पाच मिनिटं कुणी उठलं नाही. मला धाकधूक वाटायला लागली. मग एक बाई उठल्या आणि लिहिलं, 'मोबाइल एकच, मुलं तीस'. त्याखाली भराभर सात विषय आले. 'पालक व्हिडिओ बघतात का, कसं कळणार', 'इंग्रजी उच्चार, माझेच कच्चे आहेत', 'एक्सेलमध्ये गुणांची टक्केवारी', असे. ज्यांनी लिहिलं त्यांना ते येत होतं असं नाही. बहुतेकांना शिकायचं होतं. तिथंच सूर लागला.

सुरुवातीला 'फसलेल्या गोष्टी' अशी एक फेरी घेतली, प्रत्येकी दोन मिनिटं. ही फेरी मी आयुष्यभर विसरणार नाही. एका सरांनी सांगितलं, लॉकडाउनमध्ये त्यांनी रोज दोन व्हिडिओ पाठवले, स्वतः बनवलेले, रात्री एकपर्यंत जागून. दोन महिन्यांनी एका मुलाची आई भेटली, म्हणाली, सर, फोन भरला होता म्हणून मी सगळे पुसत होते. सर सांगताना थांबले. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग शेजारच्या बाई म्हणाल्या, "माझंही तेच झालं." आणि आणखी तिघांनी हात वर केला. पाच वर्षं प्रत्येक जण हे एकट्यानं उरात घेऊन बसला होता. त्यानंतर कमी जागेत मावणारा आवाज कसा पाठवायचा यावर जी चर्चा झाली ती कुठल्याही प्रशिक्षणात झाली नसती.

रेकॉर्डरवाल्या बाई आल्या होत्या. या वेळी खोलीच्या मध्यभागी बसून त्यांनी दाखवलं, मुलाचं नाव न घेता आणि आईची परवानगी घेऊन. दुपारची_शाळा यांनी आपल्या टीव्हीच्या वहीचे फोटो काढून पाठवले होते, ती वही आम्ही वाचून दाखवली. 'मोबाइल एकच, मुलं तीस' या विषयाला सगळ्यात चांगलं उत्तर त्या वहीतूनच निघालं: साधन मोजायचं नाही, घरं आणि वेळा मोजायच्या.

जे जमलं नाही तेही लिहितो. दोन पायांचा नियम चालला नाही. समोरची व्यक्ती बोलत असताना उठून जाणं आपल्याला अपमान वाटतो, कुणीच उठलं नाही. पुढच्या वेळी दर वीस मिनिटांनी घंटा वाजवून सगळ्यांनाच जागा बदलायला लावू. 'भरून न्या' टेबलावर सातजणांनी पेनड्राइव्ह भरले, पण दोन लॅपटॉपना एकच सॉकेट, आणि एक पेनड्राइव्ह व्हायरसचा निघाला. आधी स्कॅन करायला एक माणूस तिथं बसवायला हवा. एक्सेलचा गट वेळेत संपला नाही, ते तिघं व्हरांड्यात साडेतीनपर्यंत बसले होते.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख | ३ मार्च, सकाळी ७.००

गुरुजी, फसलेल्या गोष्टींची फेरी वाचून डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत माझ्या परिषदेत कुणी 'माझं फसलं' म्हणालं नाही. म्हणणार कसं, समोर मी वही घेऊन बसलेला असायचो. अधिकाऱ्याला बोलावलंत तर त्यांनाही त्या फेरीत दोन मिनिटं द्या.

---

सातपुड्यातला_मास्तर | ५ मार्च, रात्री ९.५०

व्हायरससाठी लिनक्स या संगणकप्रणालीचा पेनड्राइव्ह करून ठेवा, त्यावरून लॅपटॉप चालू करा आणि कॉपी करा, त्रास बराच कमी होतो. पावरीतल्या गोष्टी आता नऊ झाल्या. तळोद्याच्या दोन शिक्षिका तयार आहेत, अक्कलकुव्याचे एक सर तयार आहेत. होळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे बसतोय. टेकडीखालची शाळा, सौरदिव्याची सोय आहे, सॉकेट दोन. येणाऱ्यानं आपल्या गावातल्या आजी-आजोबांची एक तरी गोष्ट फोनमध्ये घेऊन यायची, त्यांना विचारून.

---

दुपारची_शाळा | ५ मार्च, रात्री १०.१०

दादा, धडगावला नाशिकहून गाडी किती वाजता असते? आम्ही दोघी येतो.